नळीचें बूड आणि मळसूत्र

बंदुकीच्या इतिहासाची गोष्ट निघाली म्हणजे ऐकणाऱ्याचें लक्ष दारूकडे जातें, गोळीकडे जातें, फार तर चापाकडे जातें. नळीचें मागचें तोंड कशानें बंद केलेलें असतें, किंवा नळी मागच्या ठोकळ्यांत कशाच्या जोरावर टिकून राहते, हें सहसा कोणी विचारीत नाहीं. वास्तविक नेम धरणाऱ्याचा गाल आणि डोळा ह्याच जागेपासून चार बोटांवर असतो. पेटलेल्या दारूला पुढें जसें जावयाचें असतें तसें मागेंही जावयाचें असतें. ती मागची वाट अडविणें हें बंदूक घडविणाऱ्याचें अर्धें काम होय. आज अमेरिकेंतील हौशी शिकारी आपल्या रायफलीची नळी घरींच बदलतात आणि एक चाकी, म्हणजे ज्याला सर्व लोक नट म्हणतात तो, आवळून एका दुपारीं काम उरकतात. जें काम पूर्वीं मुरलेल्या कारागिराशिवाय होत नसे तें एका चाकीवर कसें येऊन ठेपलें, ह्याची हकीकत मोठी आहे. तिच्यांतील सर्वांत वेधक प्रकरण जपानच्या दक्षिणेकडील एका लहानशा बेटावर घडलें.

त्या बेटाचें नांव तानेगाशिमा. सन १५४३ च्या सप्टेंबर महिन्यांत एक मोठें चिनी जहाज भरकटत येऊन त्याच्या दक्षिण टोकाशीं लागलें. जहाजावर शंभराहून अधिक माणसें होतीं, पण त्यांची भाषा किनाऱ्यावर कोणास कळेना. तेथील एका गांवाचा प्रमुख ओरिबे हा चिनी अक्षरें जाणणारा होता. त्यानें काठीनें वाळूंत अक्षरें काढून प्रश्न विचारला, आणि जहाजावरील एका चिनी पंडितानें वाळूंतच उत्तर लिहिलें कीं हे परके लोक दक्षिणेकडील व्यापारी आहेत. ते पोर्तुगीज होते. त्यांच्यापाशीं दोन-तीन फूट लांबीची, बाहेरून सरळ, आंतून पोकळ आणि वजनाला जड अशी एक वस्तु होती. बेटाचा अधिपति तोकिताका ह्याला तेव्हां जेमतेम सोळावें वर्ष असेल. त्यानें ती वस्तु उडतांना पाहिली आणि किंमतीची घासाघीस न करितां तशा दोन बंदुका विकत घेतल्या. दारूचें मिश्रण शिकून घेण्यासाठीं त्यानें सासागावा कोशिरो ह्या आपल्या सेवकाची योजना केली, आणि बंदूक घडविण्याचें काम बेटावरील लोहारांकडे सोंपविलें.

ही सारी हकीकत ‘तेप्पो-की’ ह्या जपानी लेखांत आहे. तो नानपो बुन्शी नांवाच्या एका झेन भिक्षूनें १६०६ सालीं, म्हणजे घटनेनंतर त्रेसष्ट वर्षांनीं लिहिला, आणि तोही तोकिताकाच्या मुलाच्या सांगण्यावरून. बापाची कीर्ति मुलानें लिहवून घेतलेली असल्यामुळें तो लेख सावधपणें वाचणें बरें. पोर्तुगिजांच्या बाजूचा पुरावा ह्याहून गोंधळाचा आहे. आंतोनियु गाल्वांव ह्याच्या १५६३ मध्यें छापलेल्या ग्रंथांत वर्ष १५४२ दिलें असून व्यापारी तीन सांगितले आहेत. फेर्नांव मेंडिश पिंतू हा तर आपण स्वतःच त्या वेळीं तेथें होतों असें बेलाशक लिहितो. परंतु १६१४ सालीं प्रसिद्ध झालेला त्याचा प्रवासग्रंथ वाचून त्याच्या स्वदेशीयांनींच त्याला थापाड्या ठरविलें आहे. तेव्हां दोष असूनही ‘तेप्पो-की’चाच आधार अधिक भरंवशाचा.

बेटावरील लोहारांत याइता किनबेई हा तरवारी घडविणारा कारागीर होता. पोलादाच्या घड्यांवर घड्या घालून, आंच आणि पाणी ह्यांचा मेळ जमवून तरवारीला धार आणि लवचिकपणा एकाच वेळीं देणारे हे लोक. त्यांना लोखंडाची पट्टी एका गजाभोंवतीं गुंडाळून, तापवून, ठोकून तिची नळी करणें जड गेलें नाहीं. बंदुकीचें रूप हुबेहूब साधलें. अडलें तें बुडाशीं. गजावर घडविलेली नळी दोन्हीं टोकांना उघडी असते. तिचें मागचें टोक बंद कसें करावयाचें? नुसतें ठोकून मिटविलें तर त्या सांध्यावर भरंवसा नसतो. शिवाय आंत साचलेली काजळी काढावी कशी, आणि नळी आंतून सरळ आहे कीं नाहीं हें आरपार पाहावें कसें? पोर्तुगिजांच्या बंदुकीच्या बुडांत एक जाड बूच होतें. तें फिरवलें कीं निघत असे, उलट फिरवलें कीं घट्ट बसत असे. म्हणजे मळसूत्र. आज बाटलीच्या झांकणापर्यंत जें पोहोंचलें आहे तें मळसूत्र त्या काळच्या जपानांत कारागिरांच्या ओळखीचें नव्हतें असें मानतात. बुचाच्या अंगावरील आटे एक वेळ कानशीनें घासून पाडतां येतील. पण जेमतेम बोट शिरेल एवढ्या नळीच्या आंत, जेथें कानस फिरत नाहीं व डोळाही नीट पोहोंचत नाहीं तेथें, बुचाशीं तंतोतंत जुळणारे आटे कसे उठवावयाचे हें कोडें किनबेईला सुटेना.

पुढच्या वर्षीं बेटावरील कुमानो नांवाच्या खाडींत परक्यांचें दुसरें जहाज आलें. त्यांत एक लोहार होता. तोकिताकानें हें दैवानेंच पाठविलेलें साहाय्य समजून किनबेईला त्याच्याकडे शिकण्यास धाडलें, आणि नळीचें बूड बंद करण्याची युक्ति अखेर हातीं आली. त्यानंतर वर्षा-सवा वर्षांत बेटावर कित्येक दशक बंदुका तयार झाल्या असें तो लेख सांगतो.

येथें याइता घराण्याच्या वंशावळींतील एक कथा येते, आणि ‘तेप्पो-की’पेक्षां तीच लोकांच्या तोंडीं अधिक आहे. किनबेईची मुलगी वाकासा सोळा-सतरा वर्षांची होती. त्या परक्याला ती देऊन बापानें मळसुत्राचें रहस्य विकत घेतलें. ती जहाजावर चढून परदेशीं गेली. पुढच्या वर्षीं नवऱ्याबरोबर परत आली. तेव्हां घरच्यांनीं ती आजारानें वारली असें भासवून, खोटा दफनविधि करून परक्याला एकटाच माघारीं लाविला. तिच्या नांवावर आईबापांच्या ओढीची एक लहानशी कविताही सांगतात. इतिहासकार ह्या कथेला फारसा थारा देत नाहींत, आणि ‘तेप्पो-की’ तिच्याविषयीं अवाक्षर काढीत नाहीं. परंतु मूळ लेखांत नसलेली ही गोष्ट लोकांना जोडावीशी वाटली, ह्यांतच त्या आट्यांचें मोल काय होतें तें कळून येतें. ज्या मुलीला न विचारतां हा सौदा झाला तिच्या नांवाचें उद्यान आज त्या बेटावर आहे. बापाच्या हातची म्हणून सांगितली जाणारी बंदूकही तेथील संग्रहालयांत मांडलेली आहे.

परक्यापाशीं शिकणें सर्वांनाच मानवलें नाहीं. बिवा सरोवराकांठीं कुनितोमो नांवाचें लोहारांचें गांव पुढें बंदुकांसाठीं नांवाजलें. तेथील जुन्या बखरींत असें आहे कीं जिरोसुके नांवाच्या कारागिरानें धार तुटलेली लहान सुरी मुळ्यांत फिरवून पाहिली; सुरी काढतांच मुळ्याच्या भोंकांत वळणावळणाची खांच उमटलेली दिसली, आणि त्यावरून त्याला आंतल्या आट्यांची युक्ति सुचली. कथा गोड आहे. ती खरी मानली तर कुनितोमोला कोणा परक्याचें ऋण उरत नाहीं, आणि ती रचली गेली असल्यास बहुधा त्याच हेतूनें.

कसेंही असो, युक्ति बेटाबाहेर पडली. नेगोरो येथील मठाकडे एक बंदूक गेली. सकाई बंदरांतील ताचिबानाया मातासाबुरो हा व्यापारी एक-दोन वर्षें तानेगाशिमावर राहून सारें शिकून गेला, आणि पुढें लोक त्याला ‘बंदूकवाला माता’ अशा अर्थाच्या नांवानें ओळखूं लागले. ‘तानेगाशिमा’ हें बेटाचें नांव बंदुकीलाच पडलें. सन १५७५ मध्यें नागाशिनोच्या लढाईंत ओदा नोबुनागाच्या बंदुकांनीं ताकेदांची फौज उधळली, तेव्हां पहिलें जहाज बेटाला लागून बत्तीसच वर्षें झालीं होतीं. त्या दिवशीं बंदुका तीन हजार होत्या कीं हजार, ह्यावर अद्यापि वाद आहे.

आतां एक प्रश्न मराठी माणसाच्या मनांत आल्यावांचून राहूं नये. कुमानोच्या खाडींत आलेल्या लोहाराची विद्या कोठली? पूर्वेकडील पोर्तुगिजांचें मुख्य ठाणें त्या वेळीं गोवें होतें, लिस्बन हजारों कोस दूर. आफोंसु द आल्बुकेर्क ह्यानें १५१० सालीं गोवें आदिलशाहीकडून जिंकलें तेव्हां तेथें बंदुका घडविणारे कारागीर होतेच, आणि नव्या सत्तेनें त्यांना कामावर ठेविलें. सन १५१३ मध्यें आल्बुकेर्कनें आपल्या राजाला लिहिलें कीं गोव्यांतील एक वाकबगार बंदूककार आपण पाठवीत आहों. हे लोक बोहेमियाच्या तोडीच्या बंदुका करितात, आणि त्यांच्या बंदुकांचीं बुडें मळसुत्रानें बंद केलेलीं असतात. बोहेमिया म्हणजे त्या काळीं युरोपांत बंदुकांच्या कारागिरीसाठीं नांवाजलेला मुलूख. म्हणजे तानेगाशिमाच्या लोहाराला जें कोडें पडलें तें गोमंतकांतील कारागिरांनीं तीस वर्षें आधींच सोडविलेलें होतें. जपानी बंदुकीचा चाप, तिचा गालाशीं टेकावयाचा आंखूड दस्ता, ह्यांचें साम्य लिस्बनपेक्षां गोवें व मलाक्का येथील बंदुकांशीं अधिक आहे असें कित्येक अभ्यासकांचें मत आहे. त्यावरून किनबेईचा गुरु गोव्याचाच होता असें म्हणणें धाडसाचें होईल. पण त्या विद्येचा एक मुक्काम मांडवीच्या तीरावर झाला होता एवढें म्हणण्यास हरकत नाहीं.

पुढचीं तीनशें वर्षें बंदुकीचें बूड असेंच मळसुत्री बुचानें बंद राहिलें, कारण दारू आणि गोळी दोन्ही पुढूनच ठांसावयाचीं असत. एकोणिसाव्या शतकांत काडतूस मागून घालण्याची रीत आली आणि सारा विचार उलटला. आतां बूड प्रत्येक बारानंतर उघडलें पाहिजे आणि पुनः तितकेंच घट्ट मिटलें पाहिजे. मिटविण्याचें काम बोल्टकडे, म्हणजे हातानें पुढें-मागें सरकणाऱ्या पोलादी दांड्याकडे गेलें. आणि आटे बुचावरून निघून नळीच्याच अंगावर आले. ज्या ठोकळ्यांत बोल्ट सरकतो त्याला रिसीव्हर म्हणतात. नळी त्याच्या पुढल्या तोंडांत पिळून बसवूं लागले. आट्यांचें शास्त्रही तोंपर्यंत सुधारलें होतें. पूर्वीं प्रत्येक कारखान्याचे आटे निराळे असत, एकाचा नट दुसऱ्याच्या बोल्टास लागत नसे. इंग्लंडांत जोसेफ व्हिटवर्थ ह्यानें १८४१ सालीं पंचावन्न अंशांच्या कोनाचे, ठराविक अंतराचे आटे सर्वांनीं वापरावे अशी योजना मांडली. पुढें त्यानें षट्कोनी पोकळीची एक रायफलही काढली. माप आणि बंदूक ह्यांची अशी गांठ ह्या इतिहासांत वारंवार पडते.

नळी पिळून बसविण्यांत खरी मेख निराळीच आहे. काडतूस नळीच्या मागच्या कोठ्यांत शिरून आपल्या खांद्यावर टेकतें. त्याच्या पाठीशीं बोल्टाचें तोंड येतें. ह्या दोहोंत जागा फार राहिली तर बार होतांच पितळी काडतूस मागें ताणलें जाऊन तुटतें, आणि दर चौरस इंचाला पन्नास हजार पौंडांच्या दाबाचा वायु गोळी उडविणाऱ्याच्या तोंडाकडे येतो. जागा कमी पडली तर बोल्ट मिटतच नाहीं. चालेल आणि चालणार नाहीं ह्यांतील अंतर एका इंचाच्या हजार भागांपैकीं अवघे चार-सहा भाग असतें. नळी अर्धा वळसा अधिक-उणी फिरली तरी सगळें बिघडतें. म्हणून कारखान्यांत नळी खांद्यापर्यंत घट्ट पिळून बसवीत, कोठा किंचित् आंखूड ठेवीत, आणि मग त्या एका रायफलीचा बोल्ट जवळ घेऊन कारागीर तो कोठा हातानें लागेल तेवढा खरवडीत असे. दुसऱ्या रायफलीचा बोल्ट त्यांत घालणें धोक्याचें. ब्रिटिशांच्या चौथ्या नमुन्याच्या ली-एन्फील्ड रायफलीला बोल्टाचीं डोकीं शून्यापासून तीनपर्यंत अशा चार लांब्यांचीं केलेलीं असत. जें जुळेल तें बसवावयाचें. युक्ति कामचलाऊ खरी, पण युद्धाच्या धांदलींत ती उपयोगी पडली.

हातावर आणि डोळ्यावर विसंबण्याची किंमत किती पडते तें अमेरिकेंतील स्प्रिंगफील्डच्या सरकारी कारखान्यांत दिसलें. तेथें आणि रॉक आयलंड येथें १९०३ च्या नमुन्याची रायफल होत असे. सन १९१७ मध्यें, देश महायुद्धांत उतरत असतां, कांहीं रायफलींचे रिसीव्हर बारासरशीं फुटूं लागले. कांहीं काडतुसांचें पितळ मऊ होतें, हें एक कारण. पण मऊ काडतूस फाटलें तरी चांगल्या रिसीव्हरनें टिकावयास हवें होतें. हे मात्र कांचेसारखे तडकत. चौकशी भट्टीपर्यंत पोहोंचली. तेथें लोखंड किती तापलें हें अनुभवी कामगार त्याच्या रंगावरून ओळखीत. उष्णतामापक यंत्रें लावून पाहिलीं तेव्हां असें आढळलें कीं लख्ख उन्हाच्या दिवशीं जो रंग ‘बरोबर’ दिसे तो अभ्राच्छादित दिवसाच्या ‘बरोबर’ रंगाहून फॅरनहाइटचे तीनशें अंशांपर्यंत अधिक तापलेला असे. डोळे तेच, माणूस तोच, दोष खिडकींतून येणाऱ्या उन्हाचा. जळालेलें पोलाद वरून चांगल्या पोलादासारखेंच दिसतें, त्यामुळें कोणती रायफल कच्ची हें पाहून सांगतां येईना. भट्टीवर यंत्रें आलीं, पोलादाला पाणी देण्याची पद्धत बदलली, आणि स्प्रिंगफील्डच्या सुमारें ८,००,००० ह्या अनुक्रमांकाच्या व रॉक आयलंडच्या २,८५,५०७ ह्या अनुक्रमांकाच्या आधींच्या साऱ्या रायफली संशयित ठरल्या. बेरीज दहा लाखांच्या वर जाते. तरीही त्यांतील पुष्कळ पुढें वर्षानुवर्षें सैनिकांच्या खांद्यावर राहिल्या, कारण एवढ्या रायफली एकदम मोडींत काढणें कोणत्याच सरकारला परवडलें नसतें. त्या काळच्या कामगारांना बोल लावणें सोपें आहे. किनबेईही लोखंडाची आंच डोळ्यानेंच पारखीत असला पाहिजे. फरक एवढाच कीं त्याच्या हातून दिवसाला शेंकडों नग बाहेर पडत नव्हते.

त्याच स्प्रिंगफील्डच्या शेजारीं चिकोपी फॉल्स म्हणून गांव आहे. तेथील सॅव्हेज कंपनीनें १९५८ सालीं ११० क्रमांकाची रायफल बाजारांत आणली. निकोलस ब्रूअर ह्या तिच्या रचनाकाराला स्वस्त पण भरंवशाची रायफल काढावयाची होती, आणि खर्च कोठें वाचवावा हें त्यानें नेमकें हेरलें. नळीला खांदा ठेवलाच नाहीं. तिच्या मागच्या अंगावर लांबवर आटे पाडले, त्यांवर एक गोल चाकी चढविली, आणि नळी रिसीव्हरमध्यें मोकळी फिरूं दिली. कोठ्यांत काडतुसाच्या आकाराचें पोलादी माप ठेवावयाचें, बोल्ट मिटावयाचा, नळी त्या मापाला टेकेपर्यंत आंत फिरवावयाची, तेथें थांबावयाचें आणि चाकी आवळून नळी जखडून टाकावयाची. खरवडणें गेलें, कारागिराची अर्धी-पाऊण घटका वांचली. ज्या बारीक अंतरासाठीं आयुष्यभराचा सराव लागे तें मापानें ठरूं लागलें, आणि चाकीनें तें धरून ठेविलें.

कारखान्यासाठीं काढलेली ही सोय हौशी लोकांनीं लवकरच घरीं नेली. घट्ट शिकंजा, चाकीच्या खांचांत बसणारा पाना आणि दोन मापें एवढ्यावर नळी बदलतां येते. मापें दोन लागतात, कारण एकावर बोल्ट सहज मिटला पाहिजे आणि दुसऱ्यावर मुळींच मिटतां कामा नये. घाईंत चूक होते ती शेवटच्या आवळण्यांत: चाकी फिरतांना आपल्याबरोबर नळीलाही किंचित् ओढते, मघां बरोबर असलेलें अंतर सरकतें, आणि पुनः मापलें नाहीं तर तें कळत नाहीं. यूजीन स्टोनर ह्याच्या रचनेच्या ज्या रायफली पुढें जगभर पसरल्या त्यांतही नळीची चाकी आहे. पण तेथें बोल्ट नळीच्याच मागल्या तुकड्यांत अडकतो, म्हणून ती चाकी नळी जागेवर धरण्यापुरतीच असते. तिला तीस ते ऐंशी फूट-पौंड इतकी मोठी मोकळीक ठेविली आहे, ती ह्याच कारणानें.

आपल्या देशांत १९५९ च्या शस्त्रकायद्याप्रमाणें परवान्यावांचून बंदुकीची दुरुस्तीही करतां येत नाहीं. इंग्लंडांत बंदूककारांच्या मंडळाला १६३७ सालीं सनद मिळाली, आणि १८१३ मध्यें बर्मिंगहॅमला स्वतंत्र परीक्षागृह निघालें. तेथें नळीची परीक्षा नेहमींपेक्षां जबर बार भरून घेतात, टिकली तर तिच्यावर शिक्का मारतात, आणि नवी नळी बसविलेली बंदूक ह्या शिक्क्यावांचून विकतां येत नाहीं. अमेरिकेंत अशा सरकारी परीक्षेची सक्ती नाहीं. तेथें घरीं नळी बसविणाऱ्याच्या हातीं तीं दोन पोलादी मापें असतात, आणि त्यांतला शहाणा माणूस पहिला बार रायफल लांकडाला बांधून, दूर आडोशाला उभा राहून, चापाला लावलेल्या दोरीनें उडवितो. मग पडलेलें काडतूस उचलून त्याच्या पितळेवर बुडाजवळ चकाकणारी रेघ उमटली आहे कीं काय तें नखानें चांचपून पाहतो.